कहाणीला ‘हूं’ कोण म्हणणार? मराठी मुलांच्या ऐकण्याचा इतिहास

या पानावर आपण एरवी ताम्रपट, किल्ले आणि तहनामे यांविषयी बोलतो. आजचा धागा अशा गोष्टीचा आहे, जिचा शिलालेख कोठेही सापडणार नाही: लहान मुलाने कानांनी ऐकलेली कथा. धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

निमित्त घडले लिंबागणेशला. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगरांत वसलेले बीड तालुक्यातले हे गाव. गणपती त्याच्या नावातच आहे. माझी मावशी तेथे राहते. दिवाळी उलटली की तिचा मुलगा आणि सून कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरी परतणे नसते. त्यांची चार वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्या काळात आजीजवळ असते. प्रबंधाचे काम घेऊन मी काही दिवस तेथे राहिले होते. मुलीचे मन रमावे म्हणून एका संध्याकाळी मी फोनवर बालकथांचे एक ऑडिओबुक लावले. आवाज उत्तम होता, उच्चार स्वच्छ, पाठीमागे पाखरांची किलबिल.

भाची तल्लीन होऊन ऐकू लागली. पहिल्या वाक्यानंतर तिने ‘हूं’ म्हटले. दुसऱ्या वाक्यानंतरही म्हटले. मग मध्येच तिने विचारले, “आत्या, त्या कोल्ह्याला घर न्हाई का?” निवेदिका अर्थातच पुढे निघून गेली होती. दोनतीनदा असे झाल्यावर तिने फोन चटईवर पालथा घातला आणि मावशीला सांगितले, “आज्जे, ही बाई माझं ऐकतच न्हाई.”

इतिहासाच्या विद्यार्थिनीला यापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारला नसता. सांगणारा ऐकणाऱ्याकडे कान देतो, ही अपेक्षा तिच्याकडे आली कोठून? आणि सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठी थांबणे केव्हा सोडले?

प्रथम तो ‘हूं’ पाहू. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्या आजीचा एक अलिखित नियम असतो: ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की पोर झोपले असे समजायचे आणि गोष्टही थांबवायची. राजस्थानातही ही रीत आहे. तेथील कथनपरंपरेत हुंकारा देणाऱ्याला प्रत्यक्ष स्थान आहे. म्हणजे ‘हूं’ हा कथेचाच भाग, तिची दुसरी बाजू. या रीतीचा कागदोपत्री पुरावा कोठे शोधायचा, असा प्रश्न मला पडला. तो श्रावणातल्या कहाण्यांत मिळाला.

कहाण्या आपण ‘बायकांचे व्रतवाङ्मय’ म्हणून बाजूला ठेवतो आणि एक उत्तम साधन गमावतो. हातात अक्षता धरून घरातल्या सर्वांनी बसायचे, एकीने सांगायची आणि इतरांनी ऐकायची, असा तिचा विधी. आरंभी गणपतीची छोटी कहाणी, मग त्या त्या वाराची. तिचा पहिलाच शब्द ‘ऐका’ असा असतो, आणि तो उद्देशून असतो खुद्द देवाला. देवाला त्याचीच गोष्ट ऐकवायची, म्हणजे पहिला श्रोता देव! आता आदितवारची राणूबाईची कहाणी घ्या. तिच्यातली राणी परतीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला थांबते. जेवायला बसण्याआधी तिला कहाणी सांगायची आहे, पण श्रोता नाही. मग ती गावात उपाशी माणसाचा शोध घ्यायला लावते. कधी मोळीविक्या मिळतो, कधी विहिरीला पाणी नसलेला माळी, कधी मुले गमावलेली म्हातारी. राणी सहा मोती घेते. तीन त्याच्या हाती देते, तीन आपल्या हाती ठेवते आणि मग सांगू लागते.

त्या तीन-तीन मोत्यांवर मी बराच वेळ थांबले. वाटणी अर्धी-अर्धी आहे. सांगणारी राणी आणि ऐकणारा मोळीविक्या, पण कहाणीच्या वेळी दोघांचा हिस्सा समान. शिवाय फळ मिळते ते ऐकणाऱ्याला: त्याची मोळी सोन्याची होते, माळ्याची विहीर भरते. ज्या समाजाने ही कथा रचली, त्याला श्रोत्याशिवाय कथा अपुरी वाटत होती, एवढे यावरून निःसंकोच म्हणता येते.

आता कालक्रमाने पुढे जाऊ. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हणजे लीळाचरित्र, हा मूळचा ऐकीव ग्रंथ आहे, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि विसरतो. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटाने त्यांच्या अनुयायांकडे जाऊन आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि १२७८च्या सुमारास ऋद्धिपूर येथे ग्रंथ सिद्ध केला. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत पोथी गेली, तेव्हा पंथीयांनी तो पुन्हा स्मरणातून उभा केला. त्याचे वेगवेगळे पाठ आहेत ते त्यामुळेच. त्याच पंथातील केशिराजाच्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. एकेक दृष्टांत म्हणजे काही ओळींची गोष्ट, एकदा ऐकली की डोक्यात राहील अशी. नागदेवाचार्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. केशिराज संस्कृतात लिहू लागले तेव्हा त्यांनी त्यांना अडवले, कारण त्यामुळे आपल्या पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या वंचित झाल्या असत्या. ग्रंथाची भाषा कोणती असावी, हे येथे कोणाच्या कानांवर पडणार आहे यावरून ठरले.

येथे थोडे सावध राहू या. ‘आपली थोर मौखिक परंपरा’ असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. पण ऐकण्याचा अधिकार या भूमीत सर्वांना सारखा नव्हता. वेद कोणी ऐकू नयेत याचे नियम होते. देवळातले कीर्तन सर्वांसाठी म्हणायचे, पण देवळाच्या आत कोण बसणार आणि बाहेरून कोणी ऐकायचे, हे जातीने ठरलेले असे. मुलांच्या कानांचा इतिहास लिहायचा तर कोणाची मुले, हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर बीड जिल्ह्यातच मिळते. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या संस्थेमार्फत जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. १९९६ साली ते माजलगावच्या भीमनगरात आले होते. तेथील दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. ‘परी’ या संकेतस्थळावर २०१७पासून हा ठेवा क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आहे, अवश्य ऐका. ज्यांना कीर्तनाच्या पुढच्या रांगेत जागा नव्हती, त्यांच्या घरात जात्याभोवती स्वतंत्र सभा भरत होती. पहाटे आई दळते, मांडीवर किंवा शेजारी पोर पेंगत असते, आणि जात्याच्या घरघरीत ओवी त्याच्या कानात उतरते. मूल नावे ऐकते: माहेर, भाऊ, विठ्ठल, भीमराव. पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या हातांचे कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळणे मला क्रूर वाटते. पण ऐकण्याची ती पहाटेची वेळ गिरणीबरोबर संपली, हीही नोंद करायला हवी. ओवी टेपवर उतरली. मांडी उतरली नाही.

मराठवाड्यात कान इतका काळ महत्त्वाचा का राहिला, याला राजकीय कारणही आहे. १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतूनच शिकवत असे. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद. तेथे योगेश्वरी विद्यालयासारख्या खासगी संस्थांनी मराठी शिक्षण टिकवले. स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे अध्यापन केले. मुलांसाठीचे छापील मराठी साहित्य मात्र ब्रिटिश हद्दीतून यायचे. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ साली निघाले, ते त्या बाजूला. बालाघाटातल्या खेड्यात ते कितीसे पोहोचत असणार? तेथल्या मुलाचे बालसाहित्य म्हणजे आजी, कीर्तनकार आणि जाते.

आता थोडा वेळ अमेरिकेत जाऊ, कारण ज्या यंत्राने पुढे आजीची जागा घेतली ते तेथे जन्मले. १८७७ साली थॉमस एडिसनने फोनोग्राफ तयार केला आणि त्यावर पहिल्यांदा म्हटले एक लहान मुलांचे गाणे. हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो. पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात त्याने या यंत्राच्या उपयोगांची यादी दिली. तिच्यात पत्रलेखन होते, घरातल्या माणसांचे आवाज जपणे होते, खेळणी होती आणि अंधांसाठी बोलणारी पुस्तकेही होती. ऑडिओबुकची कल्पना यंत्राबरोबरच जन्मली म्हणायची.

खेळण्यांचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १८९०मध्ये एडिसनच्या कंपनीने बोलणारी बाहुली बाजारात आणली. पोटात छोटा फोनोग्राफ, पाठीवर हातळ. फिरवली की बाहुली बालगीत म्हणे. एकेका बाहुलीसाठी तरुण मुलींनी वेगवेगळे ध्वनिमुद्रण केले होते. बाहुली महागडी होती, नाजूक होती, आणि तिचा आवाज इतका कर्कश होता की काही आठवड्यांतच विक्री थांबली. मुलांसाठी ध्वनिमुद्रित आवाज विकण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न सपशेल फसला.

अंधांसाठीच्या पुस्तकांना मात्र यश आले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अनेक सैनिकांना प्रौढ वयात ब्रेल शिकणे जड जाई. त्यांच्या गरजेपोटी १९३४ साली अमेरिकेत आणि १९३५ साली ब्रिटनमध्ये ‘बोलकी पुस्तके’ तबकड्यांवर निघाली. मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना १९५२ साली स्थापन झाली आणि पुढे तिनेही ध्वनिमुद्रित पुस्तकांचे काम हाती घेतले. आज कोणी ‘ऑडिओबुक म्हणजे आळशी माणसाचे वाचन’ असे म्हणाले, तर त्याला हा इतिहास सांगा. ज्यांना छापील पान बंद होते, त्यांनी हे दार उघडून घेतले आहे. अक्षर न येणारे चार वर्षांचे मूल आणि शाळा न पाहिलेली माझी मावशी यांचे स्थान त्याच रांगेत आहे.

परत महाराष्ट्रात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते; अठरा रविवारांची ती प्रवचने म्हणजे ‘गीताप्रवचने’. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. हे पुस्तक आपण सगळ्यांनी वाचलेले असते, पण त्याच्या बांधणीकडे क्वचितच लक्ष जाते. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातले सोबती जमतात, श्याम सांगतो, ते ऐकतात, मध्ये बोलतात, दुसऱ्या रात्री वाट पाहतात. छापील पुस्तक असूनही त्यात श्रोत्यांची जागा राखून ठेवली आहे. गुरुजी उत्तम श्रोते होते, हे धुळ्यात दिसलेच होते.

बालशिक्षणाच्या क्षेत्रातही याच सुमारास गोष्टीला प्रतिष्ठा मिळत होती. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर गुजरातीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले. शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. आज गावोगावच्या अंगणवाडीत ताई मुलांना गोल बसवून गाणे-गोष्ट घेते, त्यामागे ही परंपरा आहे.

मग आला रेडिओ. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७चे, पुण्याचे १९५३चे. पुणे केंद्रावरून १९५५च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत लोकांनी घरी बसून ऐकले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी पुढे जाते. मला ज्या प्रयोगाविषयी सांगायचे आहे तो पुढच्याच वर्षी झाला आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

१९५६च्या आरंभी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढील कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. दहा आठवडे हे चालले. तुलनेसाठी अशीही गावे घेतली होती जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काही गावांत रेडिओही नव्हता. पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने निष्कर्ष मांडले. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले होते. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ थोडीच होती.

विषय शेतीचा होता, श्रोते प्रौढ होते. तरी माझ्या भाचीच्या तक्रारीचे एवढे चोख उत्तर मला दुसरीकडे सापडले नाही. आवाज तोच, मजकूर तोच, रेडिओचा संचही तसाच. फरक एवढाच की एका ठिकाणी शेजारी माणसे होती आणि विचारलेला प्रश्न कोठेतरी पोहोचत होता. बीड तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले. बीडच्या आसपास साठच्या दशकाच्या अखेरीस परभणी केंद्राचा आवाज घुमू लागला, आणि पुढे बीडलाही आकाशवाणीचे एफएम केंद्र झाले.

कॅसेटबद्दल थोडक्यात. फिलिप्सने ती १९६३ साली आणली, आपल्याकडे तिचा खरा सुळसुळाट ऐंशीच्या दशकात झाला. पु. ल. देशपांडे यांचे कथन, मिरासदार–शंकर पाटील–व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने रुजवलेली कथाकथनाची गोडी, आणि मुलांसाठी बडबडगीते: हे सारे कॅसेटमुळे घरात आले. कॅसेटने मुलाला एक नवी सत्ता दिली, ती म्हणजे पुन्हा ऐकण्याची. आजी तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगताना कंटाळते किंवा मुद्दाम बदलते. टेप कंटाळत नाही. लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते, हे ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना सांगायला नको. शेजारच्या घरातून ऐकून ऐकून पु. लं.चे परिच्छेद पाठ झालेली माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत.

स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी २०१७ साली भारतात आली, तेव्हा आरंभीच्या भाषांत मराठी होती. मराठी ऑडिओबुकचा बाजार त्यानंतर वाढला. मुलांच्या दृष्टीने मला २०२० अधिक महत्त्वाचे वाटते. करोनामुळे शाळा आणि अंगणवाड्या बंद पडल्या, तेव्हा प्रथम बुक्सने मिस्ड कॉल दिल्यावर फोनवर गोष्ट ऐकू येईल अशी सोय केली. भाषांमध्ये मराठीही होती. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, साधा बटनांचा फोन पुरे. नागपूर विभागात आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम लागे, आणि घरच्यांनी मुलासोबत काय करायचे याचे संदेश फोनवर येत. दुसऱ्या उपक्रमाची घडण १९५६च्या श्रोतृमंडळांशी किती जुळते पाहा.

पडद्याऐवजी आवाज का, या प्रश्नाला आज वैद्यकीय आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. बसून राहण्याच्या वेळात मोठ्यांनी त्यांना गोष्टी सांगाव्यात, वाचून दाखवावे. यावरून ‘मोबाइलचा पडदा बंद, ऑडिओबुक सुरू’ असा सोपा सल्ला निघतो. पण येथे आणखी एक प्रयोग आठवावा लागतो. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारे माणूस प्रत्यक्ष बसून खेळत, वाचत होते. काहींना तेच चित्रफितीवर दाखवले, काहींना नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातील बाळांना चिनी ध्वनींमधला भेद कळू लागला होता. चित्रफीत आणि ध्वनिमुद्रण यांच्या गटांत काहीच फरक पडला नाही.

चार वर्षांचे मूल नऊ महिन्यांच्या बाळाहून निराळे. ते ध्वनिमुद्रित गोष्टीतून नवे शब्द उचलते, यात मला शंका नाही. भाचीने दुसऱ्या दिवशी मावशीला ‘आज्जे, तू फार लबाड आहेस’ असे शुद्ध पुस्तकी मराठीत सुनावले, ते त्या निवेदिकेकडूनच शिकून. मावशी हसून बेजार झाली. म्हणून मी ऑडिओबुक काढून टाकले नाही, रीत बदलली. एका वेळी एकच छोटी गोष्ट, पाचसात मिनिटांची. आठवडाभर तीच. फोन पालथा. मावशी किंवा मी शेजारी, आणि ‘हूं’ आम्ही म्हणायचे. भाचीने काही विचारले की गोष्ट थांबवायची. कोल्ह्याच्या घरावर एकदा इतकी चर्चा झाली की ती गोष्ट त्या दिवशी पुरी झालीच नाही. थांबवण्याचे बटन कोठे आहे, हे मावशीला शिकवायला दोन दिवस लागले. आता ती ते बटन सराईतपणे दाबते.

आणि आता ज्यासाठी हा धागा लिहायला घेतला ते.

माझी वहिनी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात एका फडावर होती. पहाटे अंधारात तोड सुरू होते, गाडी भरून गेली की मग कोपीवर येऊन स्वयंपाक. फोनवर बोलायचे तर कधी रेंज नसते, कधी मुलगी झोपलेली असते. मावशीने तिला ऑडिओबुकची हकीकत सांगितली असावी. तीनचार दिवसांनी रात्री वहिनींचा आवाजी संदेश आला. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे, ही तीच आपली जुनी गोष्ट. चार मिनिटांची. मागे भांड्यांचा आवाज, कोणाचे तरी खोकणे, लांबवर ट्रॅक्टर.

पहिल्यांदा ऐकताना मला वाटले की रेंज तुटते आहे. एक वाक्य झाले की शांतता, मग पुढचे वाक्य, पुन्हा शांतता. संदेश दुसऱ्यांदा लावला तेव्हा लक्षात आले. भाची त्या प्रत्येक शांततेत ‘हूं’ म्हणत होती आणि तिचे ‘हूं’ नेमके तेथे बसत होते. वहिनींनी दर वाक्यानंतर तेवढी जागा सोडली होती. मी हे नंतर त्यांना फोनवर विचारले, तेव्हा त्यांना माझा प्रश्नच कळेना. गोष्ट अशीच सांगतात की, म्हणाल्या.

त्यानंतर आठवड्यातून दोनतीन संदेश येऊ लागले. एकदा मावशीने चुकून उलटे बटन दाबले, आणि भाची गोष्ट ऐकत असतानाचा तिचाच आवाज मुद्रित होऊन वहिनींकडे गेला: मधूनमधून ‘हूं’, एकदा ‘मंग?’, शेवटी मावशीचे ‘निजली गं बाई’. दुसऱ्या दिवशी गाडी भरून झाल्यावर वहिनींचा निरोप आला. रोज गोष्ट ऐकवून झाली की पोरीचे ‘हूं’ तेवढे भरून पाठवत जा.